संभाजीरावांच्या सोफ्यावरची शाई

टाळी वाजवण्याआधी आपल्या हातात काय आहे ते बघून घ्यावं, एवढंच या कथेचं सार. पण सार सांगून कीर्तनकार बुवा लगेच आरतीला उभे राहिले, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा मंडळी, ऐसपैस मांडी घालून बसा. सोफ्यावर बसणार असाल तर खाली काहीतरी अंथरा.

महिपतरावांवर पूर्ण विश्वास टाकणारा जगात एकच माणूस होता आणि तो धायरीत त्यांच्या शेजारच्या, पाचशे दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. घरात असा प्रकार नव्हता. शैलाताई नवऱ्याच्या हातात दुधाची पिशवीसुद्धा देत नसत. "तुम्ही नुसते बसा, तीच मोठी मदत," हे वाक्य महिपतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून रोज ऐकत होते, आणि बसण्याचं काम त्यांनी मनापासून केलंही होतं.

संभाजीरावांचं तसं नव्हतं. माणूस कडक. कारखान्यात माल तपासायच्या खात्यात तीस वर्षं काढलेली. वाण्याकडून वेलची घेतली तरी दोन फोडून बघणार. असा माणूस महिनाभर मुलीकडे मेलबर्नला निघाला, तेव्हा त्याने घराची किल्ली महिपतरावांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "झाडांना एक दिवसाआड पाणी घाला. संध्याकाळी तासभर खिडक्या उघडा. टीव्ही लावा, सोफ्यावर बसा, काही हरकत नाही. तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही."

शेवटचं वाक्य महिपतरावांनी घरी येऊन शैलाताईंना दोनदा ऐकवलं. शैलाताई कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "त्यांना तुमच्याबरोबर संसार करावा लागत नाही ना."

तर तो सोफा. रंग दुधावरच्या सायीचा, आणि चामडं अस्सल. त्यावर टेकलं की माणूस हळूहळू आत जातो आणि उठताना आधाराला भिंत शोधतो. महिपतरावांना टीव्हीची फार गरज होती, कारण नारायण पेठेतल्या एका मंदिरातली कीर्तनं हल्ली घरबसल्या पाहता येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या टीव्हीवर त्याच वेळेला शैलाताईंच्या मालिकेतल्या सुनेला विष देण्याचं काम गेले चार महिने चालू होतं. तेव्हा संध्याकाळी झाडांना पाणी घालून, चामड्याला अंग लागू नये म्हणून सोफ्यावर धुतलेला पंचा अंथरून, महिपतराव पाचशे दोनमध्ये कीर्तनाला बसत. मांडीवर वही, हातात शाईचं पेन. पूर्वरंगातला मुद्दा, त्यावरचे दाखले, उत्तररंगातली कथा, सगळं टिपून घ्यायचं. अशा सत्तावीस वह्या झाल्या होत्या. बॉलपेन त्यांना चालत नसे. बॉलपेननं लिहिलेलं कीर्तन इस्त्रीवाल्याच्या हिशेबासारखं दिसतं, असं त्यांचं मत.

त्या सोमवारी पंचा दोरीवर वाळत होता. महिपतरावांनी विचार केला, एक दिवस काय होतंय.

काय झालं ते असं. बुवा रंगात आले होते. भक्त संकटात सापडलेला, देव निघालेला पण अजून पोचलेला नाही, अशी ती नाजूक जागा. श्रोत्यांचे डोळे भरलेले, महिपतरावांचेही. आणि बुवांनी नेमकं त्याच क्षणी हात उंचावून सांगितलं, "दोन्ही हात वर! ज्यांना देवानं हात दिलेत त्यांनी टाळीचा कंजूषपणा करायचा नाही! विठ्ठल, विठ्ठल!"

आता ज्याला कीर्तनाची गोडी आहे त्याला हे कळेल, की अशा वेळी आपण घरात आहोत की मंदिरात, याचं भान राहत नाही. महिपतरावांचे हात आपोआप वर गेले आणि टाळी बसली. पेन मधोमध होतं, त्याच दिवशी काठोकाठ भरलेलं. दुसऱ्या टाळीला त्याचा आटा सुटला. तिसरी टाळी निव्वळ शाईची होती. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांनी आणखी चार वाजवल्या.

डोळे उघडले तेव्हा देव पोचला होता, भक्त सुटला होता, आणि संभाजीरावांच्या सोफ्यावर निळ्या रंगाचं एक मध्यम प्रकल्पाचं धरण भरलं होतं.

पहिली चूक महिपतरावांनी एकट्यानं केली. खिशातला रुमाल ओला करून त्यांनी डाग पुसला. अडतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला पाणी सोडल्यावर काय होतं हे कळायला हवं होतं. धरण फुटलं. शाई उतारानं डाव्या बाजूला गेली, शिवणीत शिरली, आणि तिथून एक सरळ कालवा निघून पलीकडच्या उशीपर्यंत पोचला. संभाजीराव रविवारी परत येणार होते. मध्ये पाच दिवस. महिपतराव त्या कालव्याकडे बघत उभे होते आणि त्यांच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, 'तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही.'

शैलाताईंपासून लपवणं शक्य नव्हतं. दोन्ही तळहात निळे, कपाळावर निळा पंजा. त्या पाचशे दोनमध्ये आल्या, सोफा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"चामड्यावर बसून कीर्तन ऐकलंत?"

"पंचा वाळत होता गं."

"मग देव काय, तुमचा पंचा वाळेपर्यंत थांबणार होता?" म्हणाल्या, आणि लिंबू-मीठ घेऊन आल्या. शाईवर लिंबू, हे त्यांच्या माहेरचं शास्त्र. शाळेच्या गणवेशाचे डाग तिकडे असेच जात. पण गणवेश सुती होता आणि हा सोफा म्हणजे एके काळचं जनावर. रात्रभर लिंबू-मीठ बसलं. सकाळी शाई जागच्या जागी होती आणि तिच्याभोवतीचं चामडं उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखं तडकलं होतं.

"म्हणजे मुरलं नाही अजून," शैलाताई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता.

मंगळवारी वरच्या मजल्यावरची रुपाली आली. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत, त्या दिवशी घरून काम. "काका, डोंट वरी. मी व्हिडिओ बघितलाय. नेलपॉलिश रिमूव्हर. टू मिनिट्स." कानात यंत्र अडकवून, कुठल्याशा साहेबाशी इंग्रजीत बोलत बोलतच तिनं कापसाचा बोळा फिरवला. शाई खरोखर निघायला लागली! महिपतरावांनी हात जोडले. मग लक्षात आलं की शाईबरोबर सोफ्याचा रंगही निघतोय. बोळ्यावर साय आली होती. खाली जे उघडं पडलं ते ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं होतं, आणि त्यात शाई आता निवांत, खोलवर, कायमची राहायला आली होती.

"ओके," रुपाली म्हणाली, "म्हणजे व्हिडिओतला सोफा वेगळा असणार." आणि साहेबाला म्हणाली, "येस येस, ऑल अंडर कंट्रोल." मग तिनंच एका सोफा साफ करणाऱ्या माणसाचा नंबर दिला. जाणकार आहे, चामड्याचंच काम करतो, उद्या येईल.

बुधवारी तो आला, पण फाटकापर्यंतच. सोसायटीचे व्यवस्थापक संतोष यांचा नियम असा, की बाहेरचा माणूस ज्या फ्लॅटमध्ये जाणार, त्या फ्लॅटच्या मालकाच्या मोबाइलवर विचारणा जाते. मालकानं होकाराचं बटण दाबलं की फाटक उघडतं. माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं, "पाचशे दोन, सोफ्याचं काम." विचारणा गेली. मेलबर्नला.

महिपतराव चपला न घालता फाटकाकडे धावले. "अहो संतोषराव, परत घ्या ती! माझ्याकडे आलाय म्हणून लिहा, पाचशे एक!"

संतोष खुर्चीतून हलले नाहीत. "तुमच्याकडे सोफा आहे का?"

"नाही."

"मग सोफ्याचा माणूस तुमच्याकडे कसा लिहू? उद्या ऑडिट झालं तर?"

तेवढ्यात मेलबर्नहून नकार आला, आणि पाठोपाठ महिपतरावांच्या मोबाइलवर संभाजीरावांचा निरोप: 'सोफा साफ करायला माणूस आला होता म्हणे. मी बोलावलेला नाही. हल्ली असे चोर फिरतात. दार उघडू नका. तुमच्यासारखा माणूस तिथे आहे म्हणून मी इथे निर्धास्त झोपतो.'

महिपतरावांनी तो निरोप वाचला आणि फाटकाशेजारच्या कुंडीवर बसले. संतोष म्हणाले, "कुंडीवर बसायला मनाई आहे."

माणसाला आत आणता येत नाही, तर सोफ्यालाच बाहेर नेऊ, असं शैलाताईंनी सुचवलं. डाग बैठकीच्या गादीवर होता आणि ती गादी सुटी निघत होती. महिपतरावांनी ती जुन्या चादरीत गुंडाळली आणि लग्नातल्या वरमाईला सांभाळून न्यावं तशी उद्वाहनातून खाली आणली. संतोषनी हात आडवा केला. सामान बाहेर न्यायचं तर परवानगीचा अर्ज, दोन प्रती, मालकाच्या सहीनिशी.

"गादी आहे हो नुसती."

"गादी कुणाची?"

महिपतरावांना खोटं बोलता येत नसे. हा गुण निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मुद्दाम भाषणात सांगितला होता. बढती मात्र त्या गुणासाठी एकदाही मिळाली नव्हती. ते गादी घेऊन परत वर गेले.

गुरुवारी ते मोबाइलमध्ये डागाचा फोटो घेऊन बुधवार पेठेत गेले. तिथे तबले-मृदंग मढवणाऱ्या, त्यांच्या मध्यावर काळी गोल शाई बसवणाऱ्या धोंडिबांचं दुकान होतं. महिपतरावांची ओळख जुनी, मंदिराचा मृदंग तेच मढवत. चामड्यातलं सगळं कळणारा याच्यापेक्षा मोठा माणूस पुण्यात कोण सापडणार? धोंडिबांनी चष्मा वर सारून फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आडवा करून पाहिला.

"काय वाटतं?"

"रावसाहेब, चामड्यावर शाई बसवायची कशी, यात आमच्या तीन पिढ्या गेल्या. निघू नये म्हणून जीव काढतो आम्ही. काढायची कशी, हे विचारायला तुम्हीच पहिले." मग थोडं थांबून म्हणाले, "काम छान झालंय पण. कुणी बसवली?"

परतीच्या बसमध्ये महिपतरावांना बसायला जागा मिळाली, तरी ते उभे राहिले. आपल्याखाली काही गादीसारखं असावं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. गेल्या तीन दिवसांत त्यांना जेवण गेलं नव्हतं. संभाजीराव ओरडतील याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. ओरडून घेण्याची सवय होती. पण संभाजीराव ओरडणार नाहीत. नुसतं म्हणतील, 'असू दे, महिपतराव, तुम्ही बसा.' आणि मग जगात उरलेला तो एक माणूसही घरातल्यांसारखाच बोलायला लागेल.

शुक्रवारी ते नारायण पेठेत बुवांच्या पाया पडायला गेले. शनिवारी धायरीच्या दत्तमंदिरात बुवांचं कीर्तन ठरलं होतं, त्याची वेळ पक्की करायचं निमित्त. बुवा नुकतेच जेवून आडवे झाले होते. महिपतरावांनी सगळं सांगितलं, अगदी तिसऱ्या टाळीपर्यंत. बुवा उठून बसले, डोळे बारीक करून ऐकत राहिले. मधूनमधून "अरेरे", "मग?", "आणि फाटकावरचा काय म्हणाला?" असं विचारत राहिले. महिपतरावांना वाटलं, आता काहीतरी असा शब्द मिळणार की मनावरचं ओझं उतरेल.

बुवा म्हणाले, "खोबरेल तेल लावून बघा. रात्रभर ठेवा."

लावलं. संतांच्या घरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर वाटीभर लावलं. शनिवारी सकाळी त्या गादीवर शाई होती, भेगा होत्या, उडालेला रंग होता, आणि या सगळ्याला आता एक तेलकट, प्रसन्न चकाकी होती.

शनिवारी संध्याकाळी मंदिराचा मंडप भरला. महिपतराव तिसऱ्या रांगेत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कीर्तनाला वही न घेता आले होते. पूर्वरंग संपत आला असेल-नसेल, शेजारी काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. बघतात तो चाकांची बॅग. आणि बॅगेच्या पलीकडे, मफलर गुंडाळलेले, झोप न झाल्यानं डोळे लाल झालेले संभाजीराव.

"एक दिवस आधीचं विमान मिळालं," संभाजीराव कुजबुजले. "माझी किल्ली मुलीच्या घरी राहिली. तुमच्याकडे गेलो तर वहिनी म्हणाल्या, किल्ली यांच्या खिशात आणि हे कीर्तनात. द्या किल्ली, मी होतो पुढे."

महिपतरावांचा हात खिशात गेला आणि तिथेच अडकला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आजी मागे वळल्या. "शू! कीर्तनातून मधेच उठू नये. बसा खाली." संभाजीराव देवाला घाबरत नसत; पण आजी ही वेगळी गोष्ट. ते बसले.

आणि बुवांनी झांज खाली ठेवली, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "मंडळी, आता याच्यावर एक दृष्टांत सांगतो. असेच एक गृहस्थ होते. भाबडे. शेजाऱ्याचा एक सोफा होता..."

महिपतरावांना मंडपाचे खांब फिरल्यासारखे वाटले. बुवांनी नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. सोफा मात्र पुरता घेतला. मिटलेल्या डोळ्यांनी टाळी कशी वाजली ते वाजवून दाखवलं. लिंबू आलं, रिमूव्हर आला, गादी अडवणारा फाटकावरचा व्यवस्थापक तर असा उभा केला की लोक पोट धरून हसले. (खोबरेल तेल मात्र कथेतून वगळलं होतं.) सगळ्यात जास्त हसत होते संभाजीराव. विमानात शिणलेल्या अंगानं गदगदून हसत होते, मफलरनं डोळे पुसत होते. "काय नग आहे हो!" त्यांनी महिपतरावांच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का? चार टाळ्या वाजवल्या वर!"

"ऐकलं," महिपतराव म्हणाले.

बुवांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आता मला सांगा मंडळी, त्या मालकानं या माणसाचं काय करावं?"

"त्याला परत उंबऱ्याच्या आत घेऊ नये!" संभाजीराव बसल्या जागेवरून खणखणीत बोलले. मंडप पुन्हा हसला. बुवा म्हणाले, "वा! न्यायाधीश पुण्याचे दिसतात!"

तेव्हा महिपतराव उठून उभे राहिले. कीर्तनात मधेच उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची अडचण एकच असते, असं समजून लोकांनी गुडघे बाजूला घेऊन वाट करून दिली. कुणीतरी म्हणालंही, "काका, देवळामागे, उजव्या हाताला."

"तिकडे नाही जायचं मला," महिपतराव म्हणाले. "बुवा, तो माणूस मी. आणि मालक हे, इथे बसलेत ते."

पेटीवाल्याचा भाता अर्ध्यात राहिला. बुवांच्या चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत दृष्टांतातला माणूस उठून उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना पुढचं काही सुचेना, म्हणून त्यांनी जे सुचतं ते केलं. "दोन्ही हात वर! विठ्ठल, विठ्ठल!" सगळ्या मंडपाचे हात वर गेले. फक्त दोन माणसांचे गेले नाहीत.

आरती झाल्यावर दोघे निघाले. परतीच्या वाटेवर रस्त्याच्या खडीवरून बॅगेची चाकं खडखडत होती. फाटकावर संतोषनी संभाजीरावांना सलाम केला आणि "प्रवास ठीक?" असं विचारलं. पाचव्या मजल्यावर महिपतरावांनी दार उघडून दिलं, किल्ली संभाजीरावांच्या हातात ठेवली आणि स्वतः उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. निकाल त्यांनी कानांनी ऐकला होता.

संभाजीरावांनी दिवा लावला. सोफ्यापाशी गेले. माल तपासायच्या खात्यातला माणूस. खाली वाकून, चष्मा लावून, बोटानं एकेक जागा चाचपून त्यांनी तपासणी केली. बराच वेळ.

"हे तडकलंय ते?"

"लिंबू. शैलानं सांगितलं."

"रंग गेलाय तो?"

"नखाचा रंग काढायचं औषध. वरच्या रुपालीनं."

"आणि हे तेल?"

"बुवांनी."

संभाजीरावांनी मान वळवून बघितलं. "बुवांनी? ते तिथं बोलले नाहीत."

"नाही बोलले."

संभाजीराव परत वाकले. शिवणीतून पलीकडच्या उशीपर्यंत गेलेल्या निळ्या कालव्यावरून त्यांनी बोट फिरवत नेलं, शेवटापर्यंत. मग सरळ उभे राहिले. कमरेवर हात.

"आणि तिथं मंडपात उभं राहून सांगा, हे कुणी सांगितलं?"

महिपतरावांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "ते कुणीच नाही सांगितलं," ते म्हणाले.

संभाजीरावांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला. सोफ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"मग बाहेर काय उभे राहिलाय, महिपतराव? डास येतायत आत. दार लावून घ्या."